सतरा आणि सतरा: ब्लूज संघाच्या २०१८-१९ हंगामाचा तक्ता, प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

नवी वही उघडली. काम असं ठरलं: अमेरिकेतल्या सेंट लुइस ब्लूज या आइस हॉकी संघाचा २०१८-१९ चा हंगाम एका लांब कागदी पट्ट्यावर सामन्यागणिक मांडायचा, आणि १४ डिसेंबरला आमच्या इनलाइन हॉकीच्या (चाकांच्या स्केट्सवरच्या) मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना तो तासाभरात समजावून सांगायचा.

कारण घरचंच आहे. सप्टेंबरात मुलांचे जुने प्रशिक्षक सर गेले आणि नवीन ताई आल्या. तेव्हापासून मुलं सहा सामने खेळली आणि चार हरली. परवापासून पालकांच्या ग्रुपवर "ताईंनाही बदला" सुरू झालं आहे. गेल्या रविवारी नवी मुंबईत भारताच्या महिला क्रिकेट संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा याच ग्रुपवर प्रशिक्षक अमोल मुझुमदारांचं कौतुक रात्री बारापर्यंत चाललं होतं. तोच संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरला होता, हे महिन्याभरात सगळे विसरले.

ग्रुपवर वाद घालण्यात मला रस नाही. मी २०१६ ते २०२० सेंट लुइसमध्ये नोकरीला होते. हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला म्हणजे नेमकं काय होतं, ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलं आहे. तेच आकड्यांत मांडून दाखवायचं.

११ नोव्हेंबर

आजचा दिवस शब्दांत गेला. बदली प्रशिक्षकाला काय म्हणायचं? वर्तमानपत्री शब्द "हंगामी". पण इथे गोष्टच हंगामाची, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटणार की माणूस एका हंगामापुरता नेमला होता. "प्रभारी" घेतला. प्रभारी मुख्याध्यापक प्रत्येक मुलानं पाहिलेले असतात: खुर्ची तीच, पण दारावरच्या पाटीवर अजून जुनंच नाव.

पकला चकती म्हणणार. गोलरक्षक तसाच ठेवणार. पॉवरप्ले म्हटलं की आईबाबांच्या डोळ्यांसमोर क्रिकेटची पहिली सहा षटकं येतील, म्हणून तो शब्द टाळून "त्यांचा एक खेळाडू शिक्षेला बसलेला असताना" असं सरळ सांगायचं.

गुणांची पद्धत पट्ट्याच्या डाव्या टोकाला लिहायची. विजयाला २ गुण, नेहमीच्या वेळेत हरल्यास ०, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरल्यास १. त्यामुळे "७-९-३" म्हणजे ७ विजय, ९ साधे पराभव, ३ जादा वेळेतले पराभव, एकूण १७ गुण. त्या हंगामात साखळीत प्रत्येक संघाचे ८२ सामने.

१४ नोव्हेंबर

तीन संध्याकाळी बसून ८२ ओळी भरल्या: तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, गुण, गोलरक्षक, प्रशिक्षक. बेरीज ९८ आली. हंगामाअखेरचा खरा आकडा ९९ (४५-२८-९), म्हणजे कुठेतरी एक गुण सांडला होता. पावणेदोन तास शोधल्यावर सापडला. जादा वेळेतला एक पराभव साध्या पराभवाच्या रकान्यात गेला होता. आता बेरीज जुळली.

हंगामाच्या आधीचे दोन चौकोनही पट्ट्यावर घेतले, कारण त्यांच्याशिवाय पुढची घाई कळत नाही. पहिला: २०१७-१८ मध्ये ब्लूजचं प्लेऑफ एका गुणानं हुकलं, तेही शेवटच्या सामन्यात, ज्या कोलोराडोशी जागेची चुरस होती त्यांच्याकडूनच हरून. दुसरा: १ जुलै २०१८ ला महाव्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी बफेलोकडून रायन ओ'रायलीला आणलं आणि बदल्यात तीन खेळाडू आणि नवे खेळाडू निवडायचे दोन हक्क दिले. त्याच उन्हाळ्यात बोझॅक आला, पेरॉन परत आला आणि सेंट लुइसमध्येच वाढलेला पॅट मरून आला. इतकं सगळं केल्यावर कोणीही निकाल लगेच मागणारच.

१९ नोव्हेंबर

आज बरोबर सात वर्षं झाली. १९ नोव्हेंबर २०१८, सोमवार. ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी त्यांची दोन तिकिटं मला दिली होती. सिव्हिक सेंटर स्टेशनात उतरून आम्ही एंटरप्राइझ सेंटरमध्ये गेलो, अगदी वरच्या मजल्यावर. समोर लॉस एंजलिस किंग्ज. ब्लूज ०-२ हरले. मला तेव्हा खेळ फारसा कळत नव्हता, पण तिसरं, म्हणजे शेवटचं सत्र संपायच्या आत आमच्या रांगेतले बरेच लोक कोट चढवून उठले, ते कळलं. त्याच रात्री मुख्य प्रशिक्षक माइक यो यांना काढल्याची बातमी आली. तोवर १९ सामने झाले होते, ७-९-३.

यो यांच्याबद्दल सांगताना जपायला हवं. २०१६ मध्ये त्यांना आणलं ते केन हिचकॉक यांचे वारसदार म्हणूनच. हिचकॉक हंगामअखेर निवृत्त होणार आणि मग यो सूत्रं घेणार, असं आधीच जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात १ फेब्रुवारी २०१७ ला हिचकॉक यांना मध्येच काढलं आणि यो ठरल्यापेक्षा आधी त्या जागी आले. म्हणजे दुसऱ्याच्या अर्धवट हंगामात ते आले आणि त्यांच्या स्वतःच्या अर्धवट हंगामात गेले.

त्यांच्या जागी प्रभारी म्हणून सहयोगी प्रशिक्षक क्रेग बरूबी. बाहेरून कोणाला आणलं नाही, त्याच बाकावरचा माणूस दोन पावलं सरकला. मूळचे अल्बर्टातल्या कालाहू या छोट्या गावचे, क्री वंशाचे. खेळाडू म्हणून १,०५४ सामने आणि शिक्षेच्या बाकावर ३,१४९ मिनिटं. पंचांनी बाहेर बसवलेला इतका वेळ, म्हणजे बावन्न तासांहून जास्त. त्याआधी फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि दोन हंगामांत तिथून काढले गेले होते. काढलं जाणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं पुढे त्याचा उपयोग झाला.

२२ नोव्हेंबर

आजची नोंद सर्वांत महत्त्वाची.

पट्ट्याचे तीन तुकडे करून रंग द्यायचे ठरवलं होतं. यो यांचा राखाडी, बरूबींचा निळा, आणि ३ जानेवारीपासून पुढचा गडद निळा, कारण ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ब्लूज ३१ संघांच्या तक्त्यात तळाशी होते. ३७ सामने, १५-१८-४, ३४ गुण.

वजाबाकी केली आणि बसूनच राहिले. यो यांचे १९ सामने, १७ गुण. बरूबींचे पहिले १८ सामने, ८-९-१. पुन्हा १७ गुण.

सतरा आणि सतरा! मुख्य प्रशिक्षक बदलून सहा आठवडे झाले आणि गुणतक्त्यात एका सामन्याचासुद्धा फरक नाही. सामन्यामागे ०.८९ होतं ते ०.९४ झालं. पूर्ण ८२ सामन्यांचा हिशेब मांडला तर पहिल्या चालीनं ७३ गुण झाले असते, दुसऱ्या चालीनं ७७. दोन्हींत प्लेऑफ नाही.

आणि उरलेले ४५ सामने? ३०-१०-५, ६५ गुण. सामन्यामागे १.४४. त्या चालीनं पूर्ण हंगाम खेळला असता तर ११८ गुण.

मी तिथे राहत होते, बातम्या वाचत होते, आणि तरी आजवर माझ्या डोक्यात "प्रशिक्षक बदलला आणि संघ जिंकायला लागला" असंच बसलं होतं. मधले सहा आठवडे आठवणीतून पुसलेच गेले होते. रंग बदलले. मधला तुकडा आता राखाडी आणि निळ्याच्या पट्ट्यांचा. याच तुकड्यावर जास्तीत जास्त वेळ बोलायचं.

२३ नोव्हेंबर

कागद ऐंशी इंच लागणार. झेरॉक्सवाल्याकडे एवढी लांब प्रिंट निघत नाही, फ्लेक्स नको. ड्रॉइंगचे कागद जोडून हातानं करणार. मुलीनं रकाने आखायला घेतले.

२६ नोव्हेंबर

एका पालकांना सहज हा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे बदललं तर शेवटी फायदा होतोच ना?" रास्त प्रश्न. म्हणून आज त्याच हंगामातले बाकीचे बदल काढले.

४ नोव्हेंबर २०१८, लॉस एंजलिस: जॉन स्टीव्हन्स गेले. ६ नोव्हेंबर, शिकागो: तीन स्टॅनली कप (या लीगचं अजिंक्यपद) जिंकून देणारे जोएल क्वेनव्हिल गेले. १९ नोव्हेंबर, सेंट लुइस. २० नोव्हेंबर, एडमंटन: टॉड मॅक्लेलन गेले आणि आले कोण, तर ब्लूजनी काढलेले केन हिचकॉक. १७ डिसेंबर, फिलाडेल्फिया. फेब्रुवारीत अ‍ॅनाहाइम, जिथे महाव्यवस्थापक स्वतःच बाकावर उतरले. १ मार्च, ऑटावा.

सात संघांनी हंगाम चालू असताना प्रशिक्षक बदलले. प्लेऑफमध्ये पोहोचला एकटा ब्लूज. मी त्या रात्री ज्या किंग्जना जिंकताना पाहिलं, त्यांनी तर आमच्या पंधरा दिवस आधी बदल केला होता. हंगाम संपला तेव्हा त्यांचे ७१ गुण होते.

हे सात चौकोन पट्ट्याखाली स्वतंत्र ओळीत लावणार. आपण एका ब्लूजची गोष्ट सांगतो, बाकीच्या सहांची कोणी सांगत नाही, आणि मग बदल म्हटला की तो लागू पडतोच असं वाटायला लागतं.

२९ नोव्हेंबर

मधल्या तुकड्यात मग झालं तरी काय? खात्रीचं तेवढंच घेतलं.

१० डिसेंबर २०१८. सरावात झॅक सॅनफर्ड आणि रॉबर्ट बोर्टुझो यांची मारामारी. एकाच संघातले दोघे, हातमोजे काढून, कॅमेऱ्यांसमोर. संघ फुटला म्हणून सगळीकडे चित्रं फिरली. ही दोन नावं लाल शाईनं लिहिली, पुढे लागणार आहेत.

११ डिसेंबर. दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक चॅड जॉन्सन याला संघानं मोकळं सोडलं आणि अ‍ॅनाहाइमनं उचललं. ही बातमी तेव्हा चार ओळींची होती. पण तिच्यामुळे एक जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर दुय्यम लीगमधून जॉर्डन बिनिंग्टनला बोलावलं.

बिनिंग्टनवर मला पानभर लिहावंसं वाटतं. २०११ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला. २०१८-१९ च्या सुरुवातीला संस्थेतला चौथ्या क्रमांकाचा गोलरक्षक, वय २५. आदल्या वर्षी ब्लूजकडे स्वतःचा असा दुय्यम संघच नव्हता, म्हणून त्याला बॉस्टनच्या प्रॉव्हिडन्सच्या संघाकडे उसना दिला होता. मुंबईकरांना हे वेगळं समजवायला नको. तेंडुलकर-कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल मुझुमदार होता. पुढे रणजीत धावांचे डोंगर रचूनही त्यांना भारताची टोपी मिळाली नाही. काहींची पाळी येते, काहींची खेळाडू म्हणून येतच नाही.

७ जानेवारी २०१९, फिलाडेल्फिया. बिनिंग्टनचा सुरुवातीपासूनचा पहिला सामना. २५ फटके अडवले, एकही गोल दिला नाही, ब्लूज ३-०. आदल्या रात्री संघातली काही मुलं त्याच शहरातल्या एका बारमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना बघत बसली होती. तिथे वाजलेलं एक जुनं गाणं त्यांनी मग विजयाचं गाणं करून टाकलं. त्या वसंतात मी ते किराणा दुकानात, बँकेत, दातांच्या डॉक्टरांकडेही ऐकलं आहे.

३ डिसेंबर

शंका आली: हा सगळा गोलरक्षकाचाच तर महिमा नाही? मोजून पाहिलं.

साखळीत बिनिंग्टनच्या नावावर २४-५-१. म्हणजे ३० सामन्यांत ४९ गुण. ३ जानेवारीपासूनचे उरलेले १५ सामने मुख्यतः जेक अ‍ॅलनचे: ६-५-४, १६ गुण, सामन्यामागे १.०७. बिनिंग्टनसोबत १.६३. फरक मोठा आहे, तो झाकायचा नाही. पण अ‍ॅलनसोबतही आधीच्या ०.९२ पेक्षा वरच. पंधराच सामने आहेत, तेव्हा त्यावर इमारत बांधणार नाही.

मात्र त्या मुलाला जाळ्यात उभं कोणी केलं? एका सामन्यावर न थांबता पुन्हापुन्हा कोणी केलं? गोलरक्षकांचे प्रशिक्षक डेव्हिड अलेक्झांडर तिथेच होते, सहायक स्टीव्ह ऑट आणि माइक व्हॅन रिन तिथेच होते. मुख्य माणूस गेला तरी बाकीचा बाक जागेवर राहिला, हे मी पट्ट्यावर आधी दाखवलंच नव्हतं. आता पट्ट्याच्या वरच्या कडेला त्यांच्या नावांच्या सलग रेघा काढल्या. राखाडीतून निळ्यात जाताना फक्त एकच रेघ तुटते. कागदावर ते फार बोलकं दिसतं.

आणखी एक. अलेक्झांडर स्टीन, संघातला ज्येष्ठ खेळाडू. बरूबींनी त्याला सुंडक्विस्ट आणि बार्बाशेव्ह यांच्यासोबत चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीत खेळवलं. वयानं आणि मानानं मोठ्या माणसाला मागच्या बाकावर बसायला सांगायचं आणि त्यानं ते मनापासून करायचं. ती फळी पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या उत्तम खेळाडूंना अडवायला उतरायची. या कामाला रकाना नाही. असल्या गोष्टींना सहा आठवडे लागतात.

आर्मस्ट्राँग यांनी काय केलं नाही तेही लिहिलं. डिसेंबरात संघ मोडीत काढायची, तारासेंकोसारखे मोठे खेळाडू विकायची चर्चा जोरात होती. त्यांनी विकलं नाही. फेब्रुवारीअखेरच्या मुदतीला एक बचावपटू घेतला, बदल्यात सहाव्या फेरीतला एक हक्क दिला, बस.

७ डिसेंबर

गडद निळा तुकडा लवकर झाला. २३ जानेवारी ते १९ फेब्रुवारी सलग ११ विजय, तेव्हाचा संघाचा विक्रम. ९९ गुण, विभागात तिसरे.

प्लेऑफसाठी पाच मिनिटंच ठेवली आहेत, नाहीतर मी त्यातच रमेन. प्रत्येक फेरीत आधी चार सामने जिंकणारा पुढे. विनिपेग ४-२. डॅलस ४-३, सातवा सामना दुसऱ्या जादा सत्रात, गोल घरच्या पोराचा, मरूनचा. सॅन होजे ४-२. यातला तिसरा सामना मात्र सांगणारच. १५ मे २०१९, जादा वेळ, सॅन होजेच्या खेळाडूनं हातानं चकती ढकलली, पंचांना दिसलं नाही, गोल झाला, आणि तेव्हाच्या नियमांत ते तपासून बघायची सोय नव्हती. घरच्या मैदानावर असा अन्याय. पुढचे तीन सामने ब्लूजनी २-१, ५-०, ५-१ जिंकले. डिसेंबरात आपसात मारामारी करणारा हाच संघ.

अंतिम फेरी बॉस्टनशी. ब्लूज १९६८, ६९, ७० असे ओळीनं तीन वेळा अंतिम फेरीत पोहोचले होते आणि एकही सामना जिंकले नव्हते. २०१९ चा पहिलाही हरले. तेरा पराभवांनंतर दुसऱ्या सामन्यात पहिला विजय, त्यात एक गोल बोर्टुझोचा. १२ जूनला बॉस्टनमध्ये सातवा सामना, ४-१, बिनिंग्टननं ३२ फटके अडवले आणि चौथा गोल सॅनफर्डचा. लाल शाईची दोन्ही नावं इथे पुन्हा लाल शाईनं लिहिली.

बरूबींच्या नावामागचा "प्रभारी" हा शब्द कप जिंकल्यावर निघाला. जूनअखेर तीन वर्षांचा करार झाला. अख्खा विजय प्रभारी माणसानं मिळवला!

१० डिसेंबर

पट्टा इथेच संपवावा की पुढचंही दाखवावं? मुलीचं मत: "पुढे काय झालं ते सगळे विचारणारच." खरं आहे. उजव्या टोकाला एक अरुंद कागद चिकटवला.

१२ डिसेंबर २०२३: बरूबींना काढलं, संघ १३-१४-१. ड्रू बॅनिस्टर प्रभारी, मग कायम. बरूबी २०२४ च्या मे महिन्यात टोरंटोचे मुख्य प्रशिक्षक झाले. २४ नोव्हेंबर २०२४: बॅनिस्टर ९-१२-१ वर गेले आणि जिम माँटगोमेरी आले, ज्यांना पाचच दिवसांपूर्वी, १९ नोव्हेंबरला, बॉस्टननं काढलं होतं. २०१९ मध्ये मरूनचा गोल झाला तेव्हा समोरच्या, डॅलसच्या बाकावर उभे होते ते हेच माँटगोमेरी. त्यांच्या हाताखाली ब्लूजनी २०२५ च्या वसंतात सलग १२ सामने जिंकले आणि २०१९ चा अकराचा विक्रम मोडला. मग विनिपेगशी सातव्या सामन्यात शेवटचे दोन सेकंदसुद्धा उरले नसताना बरोबरीचा गोल खाल्ला आणि दुसऱ्या जादा सत्रात हरले. मी तो सामना इथे सोमवारी सकाळी डबे भरताना पाहिला. एक डबा तसाच ओट्यावर राहून गेला.

१४ डिसेंबर

झालं. चाळीसेक माणसं आली, मुलं जमिनीवर बसली. पट्टा दोरीनं दोन खांबांना लावला. ताईही आल्या, मागे उभ्या राहिल्या. मी त्यांचं नाव घेतलं नाही, क्लबचा विषयही काढला नाही.

"सतरा आणि सतरा" म्हटल्यावर थोडी शांतता झाली. एका बाबांनी पुढे येऊन मधल्या तुकड्यातले सामने बोटानं मोजले. बरोबर अठरा. सात संघांच्या ओळीपाशी बरेच जण नंतर थांबून वाचत होते. सरावातली मारामारी मुलांना अर्थातच सर्वांत आवडली.

शेवटी पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, "पहिल्या सरांना कप मिळाला का?" मी सांगितलं की तो कप नाही मिळाला, पण २००९ मध्ये पिट्सबर्गनं कप जिंकला तेव्हा ते तिथे सहायक होते. त्याचं समाधान झालं नाही. "पण त्यांचे सतरा गुण मोजले ना?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. पाहून सांगते म्हटलं.

१५ डिसेंबर

पाहिलं. ब्लूजच्या पश्चिम गटातून प्लेऑफला गेलेला शेवटचा संघ कोलोराडो, ९० गुण. ब्लूजच्या ९९ मधून यो यांचे १७ काढले तर ८२ उरतात.

राखाडी तुकड्यावर यो यांचं नाव मी बारीक लिहिलं होतं. ते खोडून बरूबींच्या नावाएवढ्या अक्षरांत लिहिलं, खाली "१७" लिहून गोल केला आणि तिथून ९९ पर्यंत बाण काढला. पट्टा उद्या क्लबच्या भिंतीवर लागेल. त्या मुलालाच खिळे धरायला बोलावलं आहे.